जुने जॅक आणि गावची कर्मशाळा

धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पाचोड ओलांडून शहागडच्या गोदावरी पुलाकडे उतरू लागतो, त्या वाटेवर अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव आहे. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ताही येथेच महामार्गास मिळतो. जायकवाडी प्रकल्पाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा याच तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. ऊस, कापूस आणि मोसंबी ही या पट्ट्यातील परिचित पिके होत. जवळच अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. अशा गावात हमरस्त्यावरची वाहने आणि शेतातली यंत्रे या दोहोंची दुरुस्ती शेजारी शेजारी चालते आणि दोहोंचे भंगारही एकाच ढिगावर येऊन पडते.

त्या ढिगात हमखास आढळणारी एक वस्तू म्हणजे जुना जॅक. मोडीत निघालेल्या जीपगाडीबरोबर आलेला, मालमोटारीच्या पेटीत वर्षानुवर्षे गंजलेला, किंवा नवा तेलाचा जॅक घेतल्यावर गोठ्याच्या कोपऱ्यात टाकून दिलेला असा एखादा जॅक बहुतेक ट्रॅक्टरवाल्यांच्या घरी सापडतो. त्याची वाट ठरलेली असते. भंगारवाला तो वजनावर घेतो आणि पुढे तो जालन्याच्या भट्टीत वितळून सळईच्या रूपाने कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जातो. जालन्याचा पोलाद-धंदा भंगारावर उभा आहे, त्यामुळे लोखंड वाया जाते असे कोणी म्हणू शकणार नाही. वाया जाते ते त्या लोखंडावर झालेले काम. चौकोनी आट्यांचे जाड मळसूत्र लेथवर कापून घ्यावयाचे म्हटले, तर त्याची मजुरी किती होते हे ज्याने कापून घेतले आहे त्यालाच ठाऊक. पाच किलो भंगाराचे जे पैसे हाती येतात, त्यांत पान्यांचा एक धड संचही येत नाही.

म्हणून जुने जॅक विकू नयेत, गावच्या कर्मशाळेत ठेवून घ्यावेत, हे म्हणणे सहज पटण्यासारखे आहे. परंतु येथेच एक मोठी चूक होते आणि ती चूक जिवावर बेतणारी असते. ठेवून घेतलेला जुना जॅक पुन्हा वाहनाखालीच घातला जातो. घरच्या मोटारीचा चांगला जॅक मोटारीतच राहतो आणि शेताच्या ट्रॉलीच्या वाट्याला झिजलेला येतो, कारण ‘शेतात काय, कसाही चालतो’. याच्या अगदी उलट व्हावयास पाहिजे. जो जॅक एकदा वाहनाखालून निवृत्त झाला, त्याला पुन्हा कोणत्याही वाहनाखाली घालू नये. त्याला दाबण्याच्या, ताणण्याच्या, सरळ करण्याच्या व आधार देण्याच्या कामावर लावावे. कर्मशाळेच्या चौकटीत जॅकचे आटे निसटले तर फार तर एक बुश वाकडा होतो. भरलेल्या ट्रॉलीखाली ते निसटले तर खाली असलेला माणूस जातो.

हा भेद नीट कळण्यासाठी मळसूत्राचे काम कसे चालते ते पाहणे आवश्यक आहे, आणि ते समजावयास दूर जाण्याचे कारण नाही. घरोघरी शेव-चकली पाडण्याचा पितळी सोऱ्या असतो. वरची मूठ फिरवली की आतले मळसूत्र हळूहळू खाली उतरते आणि घट्ट मळलेले पीठ ताटलीच्या भोकांतून निमूटपणे बाहेर येते. नुसत्या तळव्याने तेच पीठ दाबून पाहिल्यास फरक ध्यानात येतो. जॅकमध्ये हेच घडते. समजा, मळसूत्राच्या दोन आट्यांमधील अंतर ६ मिलिमीटर आहे आणि फिरवण्याचा दांडा ३० सेंटिमीटर लांबीचा आहे. दांड्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरते, तेव्हा डोके केवळ ६ मिलिमीटर सरकते. हे प्रमाण सुमारे ३१४ पट झाले. हाताने १० किलोचा जोर लावला तर हिशेबाने ३,१०० किलोहून अधिक दाब मिळावयास हवा. प्रत्यक्षात आट्यांच्या घर्षणात त्यातील चार पंचमांश खर्ची पडला असे धरले, तरी ६०० किलोच्या वर दाब हाती उरतो. लोहाराच्या भात्याजवळ बसलेला पोरगाही एवढा दाब सहज काढू शकतो.

जे घर्षण एवढी शक्ती खाऊन टाकते, तेच या यंत्राचे रक्षणही करते. मळसूत्री जॅक दांडा सोडल्यावर आपोआप खाली येत नाही, तो घर्षणामुळे. तेलाच्या जॅकचे तसे नाही. त्याचे सारे वॉशरवर अवलंबून असते आणि वॉशर झिजला की उचललेला भार हळूहळू बसू लागतो. यावरून कित्येकांचा असा समज होतो की जुना मळसूत्री जॅक नव्या तेलाच्या जॅकपेक्षा भरवशाचा. जुन्या वस्तूंचे लोखंड जाड असे, हे खरे. परंतु जॅकचा जीव लोखंडाच्या जाडीत नसून नटातील आट्यांत असतो, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. वर्षानुवर्षे धुळीसकट फिरवलेल्या जॅकमध्ये ते आटे पत्र्यासारखे पातळ झालेले असतात. असा जॅक शंभर वेळा भार उचलील आणि एकशेएकाव्या वेळी कोणतीही पूर्वसूचना न देता मळसूत्र नटातून सरळ खाली येईल.

ऊस-वाहतुकीच्या दिवसांत हा प्रश्न विशेष गंभीर होतो. चार चाकांच्या एका ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस भरतात. म्हणजे एका चाकावर ट्रॉलीच्या वजनासह अडीच टन वा त्याहून अधिक भार येतो. मोटारीबरोबर मिळणारा कैचीचा जॅक साधारणपणे एक टनाच्या आसपासच्या भारासाठी केलेला असतो. रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला चाक पंक्चर झाले की हाताशी असेल तो जॅक, त्याखाली दगड, आणि घाईत कोणी तरी आखाखाली डोके घालतो. शिवाय गोदाकाठची काळी जमीन. जॅकची बैठक १२ सेंटिमीटर चौरस धरली, तर अडीच टनांचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलो पडतो; ओली काळी माती त्याच्या जवळपासही पेलत नाही. बैठकीखाली ६० बाय ३० सेंटिमीटरची जाड फळी घातल्यास तोच भार १.४ किलोवर येतो. पावसाळ्यात तेवढाही जास्तच होय. तेव्हा वाहन होता होईल तो पक्क्या जागी आणूनच उचलावे. उचलण्यापूर्वी ऊस उतरवून घ्यावा आणि दुसऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. वाहन उचलल्याबरोबर आखाखाली लाकडी ठोकळ्यांची थप्पी किंवा लोखंडी घोडी बसवून भार तिच्यावर सोडावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. पूर्वी बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना पहारीने गाडी उचलत आणि लगेच टेकू देत. पहार धरून उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर कोणी चाकाखाली हात घालीत नसे. लाकडी आखाच्या गाडीला जी सावधगिरी लागत होती, ती दहा टनांच्या ट्रॉलीला का लागू नये, हे कळत नाही.

आता जुन्या जॅकच्या खऱ्या उपयोगांकडे वळावयास हरकत नाही. पण आधी त्याची परीक्षा. जॅक रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा आणि ब्रशने सर्व मळ काढावा. मळसूत्र पूर्ण वर काढून आटे पाहावेत. माथा सपाट असलेला आटा चांगला. माथा सुरीच्या धारेसारखा झाला असेल तर तो जॅक दाबाच्या कामासही नालायक समजावा. डोके धरून वर-खाली हलवून पाहावे. किंचित हालचाल असणारच, परंतु खडखडाट होत असल्यास नट गेला असे समजावे. जॅकचे अंग बहुधा बिडाचे असते आणि बिडातील चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. अंगास रॉकेल लावून थोड्या वेळाने ते कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावे आणि खडूची पूड चोळावी. चीर असल्यास तिच्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. बिडाचे अंग वेल्डिंग करून सांधण्याचा मोह टाळावा. नंतर आट्यांना ग्रीस लावून जॅक कापडी पिशवीत बांधून ठेवावा. उघड्या ग्रीसवर धूळ बसली की तिचाच कानसीसारखा परिणाम होतो.

परीक्षेत उतरलेल्या जॅकचा सर्वांत मोलाचा उपयोग म्हणजे दाबयंत्र. गावच्या दुरुस्तीकामात आजही मुख्य हत्यार घण हेच आहे. फाळ शेवटण्यास आणि चाकाची धाव चढवण्यास घणासारखे दुसरे साधन नाही, आणि ज्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कामे केली त्यांच्या हाताची किंमत कमी लेखण्याचा येथे उद्देश नाही. परंतु शेतात आता विद्युत पंप आहेत, मळणी यंत्रे आहेत, कडबाकुट्टी आहे, आणि या सर्वांत बेअरिंगे आहेत. बेअरिंगला धक्का सोसत नाही. घणाच्या किंवा हातोड्याच्या ठोक्याने बसवलेले नवे बेअरिंग दोन-तीन आठवड्यांत घुरघुरू लागते, आणि दोष मात्र दुकानदाराच्या मालाला दिला जातो. खरे कारण असे की ठोक्याचा जोर गोळ्यांमधून जातो आणि कड्यांच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पाडतो. मळसूत्राचा दाब सावकाश आणि सरळ येतो. बेअरिंग आखावर चढवावयाचे असेल तर आतल्या कड्यावर आणि घरात बसवावयाचे असेल तर बाहेरच्या कड्यावरच दाब पडेल, अशा मापाचा पाइपचा तुकडा मध्ये ठेवावा. एवढे पथ्य पाळले तर तेच बेअरिंग पुरे आयुष्य काम देते.

या दाबयंत्राची चौकट गावात करता येते. १०० मिलिमीटरच्या चॅनेलचे दोन उभे खांब, वर आणि खाली त्याच चॅनेलचे आडवे तुकडे, आणि आतील रुंदी अर्ध्या मीटरहून जास्त नको. जॅक खालच्या आडव्यावर मध्यभागी बसवावा. त्याच्या डोक्यावर खांबांच्या आधाराने सरळ वर-खाली होणारी जाड पोलादी पाटी ठेवावी आणि वरच्या आडव्याच्या मध्यभागी, बरोबर जॅकच्या रेषेत, भरीव लोखंडाचा आखूड ठोकळा पक्का करावा. वस्तू पाटीवर ठेवून जॅक फिरवला की ती वर जाऊन ठोकळ्यावर दाबली जाते. मळसूत्राबरोबर डोकेही फिरत असेल तर डोके आणि पाटी यांच्यामध्ये ग्रीस लावलेली पोलादी चकती घालावी. नाही तर पाटी तिरपी ओढली जाते. सांधे दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलेले असावेत, आणि जेथे शक्य असेल तेथे वेल्डिंगबरोबर बोल्टही असावेत. जॅकवर जो भार लिहिलेला असेल त्याच्या निम्म्याहून अधिक दाब कधीही घेऊ नये. दांड्याला लांब पाइप घालून जोर वाढवणे म्हणजे हा नियम मोडणेच होय. हात जड लागला किंवा आडवा चॅनेल वाकताना दिसला की थांबावे. दाबताना चौकटीच्या समोर उभे न राहता बाजूस उभे राहावे आणि डोळ्यांस चष्मा असावा. बिडाची पुली किंवा कडक पोलादाचे कडे फुटले तर त्याचे तुकडे गोळीसारखे येतात.

याच चौकटीत वाकलेल्या वस्तू सरळ करता येतात. ट्रॉलीचा आकडा, फाटकाचा गज, वखराची जानवडी बसवण्याच्या पट्ट्या ही नरम पोलादाची कामे तेथे उत्तम होतात. थंड स्थितीत सरळ केलेले लोखंड थोडे मागे फिरते, हे ध्यानात घेऊन किंचित अधिक दाबावे आणि दोरी लावून पाहावे. मोगड्याचे स्प्रिंग-पोलादाचे दाते मात्र या वाटेस लावू नयेत. ते एक तर उसळी मारतात किंवा मोडतात. तापवून सरळ केले तर त्यांचे पाणी उतरते आणि पुढच्या पाळीला ते पुन्हा वाकतात. असा दाता बदलणेच स्वस्त पडते.

कैचीच्या जॅकला चौकटीत स्थान नाही, पण त्याला कामे पुष्कळ आहेत. कडबाकुट्टीच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या मोटारीचा पट्टा ताणण्यासाठी दोन माणसे पहार घेऊन मोटार रेटतात आणि तिसरा बोल्ट आवळतो. त्यात पट्टा कधी सैल राहतो, कधी इतका ताणला जातो की मोटारीचे बेअरिंग जाते. मोटारीची बैठक आणि एक पक्का खुंटा यांच्यामध्ये कैचीचा जॅक आडवा ठेवावा, बोल्ट सैल करून जॅक हवा तेवढाच उघडावा, बोल्ट आवळावेत आणि जॅक काढून घ्यावा. हे काम एकट्या माणसाने होते. वीजपुरवठा बंद करूनच ते करावे हे सांगणे न लगे. सुताराला दाराच्या चौकटीचे सांधे सरस लावून घट्ट धरण्यास, वेल्डिंग करणाऱ्यास लांब पाइपचे दुसरे टोक योग्य उंचीवर टेकवण्यास, वाकलेले ट्रॉलीचे फाळके आतून रेटण्यास तो उपयोगी पडतो. इंजिन किंवा पंप नव्या चौथऱ्यावर बसवताना चार कोपऱ्यांखाली चार लहान जॅक ठेवून पाणसळीने बैठक समपातळीत आणता येते. मग पट्ट्या सरकवून सिमेंट भरावे आणि ते पुरते पक्के झाल्यावर जॅक काढावेत. पंप आणि मोटार एका रेषेत नसल्यामुळे जे जोड वारंवार तुटतात, त्यांतील बरेचसे या एका उपायाने वाचतील.

ज्या जॅकचे अंग फुटले आहे, पण मळसूत्र आणि नट शाबूत आहेत, त्यापासून बाकावरचा शिकंजा होऊ शकतो. शेततळ्यातून किंवा स्वतःच्या विहिरीच्या पाटातून पाणी सोडण्याची लहान लोखंडी झडपही होऊ शकते. कालव्याच्या विमोचकास मात्र असली कोणतीही घरगुती झडप लावण्याचा विचार करू नये. ती पाटबंधारे खात्याची मालमत्ता आहे आणि खालच्या शेतकऱ्याच्या पाण्याचा तो प्रश्न आहे.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तयार तेलाचे दाबयंत्र बाजारात मिळते, मग जुन्या जॅकशी झटापट कशाला? महामार्गावरील ज्या गॅरेजात दररोज काम असते त्याने तेच घ्यावे. परंतु ज्या गावात वर्षातून पाच-पन्नास बेअरिंगे बदलली जातात, तेथील लोहाराने किंवा वेल्डरने त्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. अशा घरगुती साधनांचे कौतुक करता करता धोक्याचेही कौतुक होऊ लागते, जुगाड हा शब्द अभिमानाने उच्चारला जातो आणि मोडलेल्या हाताची हकीकत कोणी सांगत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कोणत्या कामाला जॅक लावावा यापेक्षा कोणत्या कामाला लावू नये हे आधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवण्यास गावात कोणी तरी जाणता माणूस पाहिजे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा ग्रामसेवकाकडून अशीच अपेक्षा होती. त्याने बियाण्याबरोबर अवजारांकडेही पाहावे, सुताराच्या आणि लोहाराच्या पडवीत बसावे. पुढे त्याच्या कामात कागद वाढले आणि पडवी सुटली. आज गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी व पंचायत कर्मचाऱ्यांची पदनामे बदलली आहेत, अर्ज संगणकावर भरले जातात, अवजारांवर अनुदान मिळते. परंतु अनुदानातून आलेले अवजार तिसऱ्या हंगामात कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न कोणत्याही अर्जात विचारला जात नाही. मृग लागण्याच्या आधी, चैत्र-वैशाखात, एका दिवशी गावातील वेल्डर, लोहार आणि ट्रॅक्टरवाले यांना एकत्र बोलावून सर्वांच्या घरचे जुने जॅक मागवावेत आणि रॉकेल-खडूची परीक्षा सर्वांसमक्ष करावी. यास निधी लागत नाही. दहांपैकी चार जॅक नापास झाले, तरी त्या दिवसाचे काम झाले असे समजावे. त्यांतला एखादा येत्या गळीत हंगामात कोणाच्या तरी ट्रॉलीखाली जाणार होता. पेरणीच्या तोंडावर तिफणीचे किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे बेअरिंग गेले म्हणजे तालुक्याच्या गावी जाऊन येण्यात जो दिवस जातो, तो वापसा असलेला दिवस पुन्हा मिळत नाही, हेही तेथेच बोलता येईल.

परीक्षेत उतरलेल्या जॅकवर तांबड्या रंगाचा रुंद पट्टा ओढावा आणि ‘फक्त दाबण्यासाठी’ असे अक्षरांत लिहावे, म्हणजे रात्री-अपरात्री कोणी तो मागून नेऊन ट्रॉलीखाली घालणार नाही. नापास झालेला जॅक भंगारात देण्यास हरकत नाही. मात्र तो जसाच्या तसा देऊ नये. भंगाराच्या ढिगातून असे जॅक निवडून, धुऊन, रंगवून पुन्हा विकावयास ठेवले जाऊ शकतात. देण्यापूर्वी त्याचे मळसूत्र करवतीने किंवा ग्राइंडरने मधोमध कापून टाकावे.